चालता धुरा

बोरगव्हाणची जमीन एकदा चालायला लागली. भूकंप झाला नाही, पूर आला नाही. झाडं, विहिरी, विजेचे खांब जागच्या जागी राहिले आणि त्यांच्या बुडाखालून वावरं तेवढी रस्त्याच्या दिशेनं सरकली. कुणी म्हणेल, म्हातारा फेकतो. म्हणू द्या. थोरला ट्रॅक्टर अजून सोसायटीच्या आवारात उभा आहे, त्याला विचारा. तो काय सांगेल याची मात्र हमी माझ्याकडं नाही, आणि का नाही, तीच ही गोष्ट.

आधी गावाची मांडणी सांगतो. पश्चिमेला डांबरी रस्ता, पूर्वेला दुधना नदी, आणि मधे सतरंज्या शेजारी शेजारी अंथराव्यात तशा लांबट पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या मधे मातीचा बांध असतो, त्याला आमच्याकडं धुरा म्हणतात. धुरा दिसायला निर्जीव, पण आमच्या भागात त्याच्याइतकं चपळ जनावर नाही. नांगरताना शेजाऱ्याच्या बाजूचा हातभर धुरा कोरून आपल्यात घ्यायचा, पुढच्या साली शेजाऱ्यानं तो परत कोरून न्यायचा, मग दोघांनी धुऱ्यावर उभं राहून एकमेकांच्या सात पिढ्यांची विचारपूस करायची. याला आम्ही चोरी म्हणत नाही. ही मशागतीचीच एक पायरी. धुरा न कोरणारा माणूस एक तर संत असतो, नाही तर भूमिहीन.

रस्त्याला लागून पहिलं वावर सोसायटीचे चेअरमन अंगदराव यांचं. नदीला लागून शेवटचं प्रयागअक्काचं. आणि अक्काच्या अलीकडचं तिच्या धाकट्या भावाचं, रंगनाथ गव्हाणेचं. मधल्यांची नावं लक्षात नाही ठेवली तरी चालेल. त्यांची तीच लायकी आहे, मी त्यांच्यातलाच एक.

प्रयागअक्का तरणेपणी विधवा होऊन, कडेवर एक लेक घेऊन माहेरी आली. बापानं जुन्या रिवाजाप्रमाणं चोळीबांगडीसाठी म्हणून नदीकाठची एक अरुंद पट्टी तिच्या नावानं केली. अक्कानं ती घेताना बापाला आणि भावाला बजावलं होतं, "दिलंय तेवढं माझं. ह्याच्यावर बोटभर नको. उद्या कुणी म्हणायला नको की प्रयाग भावाच्या जिवावर जगली." पुढं लेक शिकली, पुण्याला गेली, आईला बोलवून बोलवून थकली. अक्काचं उत्तर ठरलेलं. "माझं वावर हाय तवर मी माझ्या दारात. वावर संपलं की येते तुझ्या दारात बसायला."

दर पाडव्याला अक्का कळकाची काठी घेऊन धुऱ्यापासून नदीच्या काठापर्यंत आपली पट्टी मोजायची. दुधनेनं वरच्या गावांची वावरं खाल्ली होती, खालच्या गावांची खाल्ली होती, दर पुराला काठ ढासळत होते. पण अक्काची काठी दर साली बरोबर तेवढीच भरायची. अक्का नदीला हळदकुंकू वाहायची आणि पाणवठ्यावर सांगायची, "दुधना माझी मैतरीण हाय. बाकीच्यांचं खाती, माझं नाही खात." बाया हात जोडायच्या. रंगनाथ तिथून जात असला तर पायाकडं बघत निघून जायचा.

रंगनाथचा धंदा ट्रॅक्टरचा. आपलं वावर, अक्काचं वावर, भाड्यानं अर्ध्या गावाचं वावर, सगळं तोच नांगरायचा. माणूस गरीब स्वभावाचा, बायको वारल्यापासून आणखीच मुका झालेला. बोलायचं म्हणजे त्याला दाढ काढल्यासारखं व्हायचं.

अशात थोरला आला.

अनेक गावांच्या सोसायट्यांनी मिळून घेतलेली ती यंत्रं. आमच्या वाट्याला आला तो सहाशे अश्वशक्तीचा, विजेवर चालणारा, ड्रायव्हरशिवाय नांगरणारा. आवारात उभा केला तेव्हा त्याच्या सावलीत एक साखरपुडा उरकला. मंडपाचा खर्च वाचला म्हणून व्याही खूश. मागं बारा फाळांचा नांगर. जुन्या ट्रॅक्टरला दिवस लागायचा तिथं ह्याला, आपण तंबाखू मळून तोंडात टाकेपर्यंतचा वेळ पुरायचा. बायांनी त्याला कुंकू लावायला शिडी आणली, आणि नाव पडलं थोरला.

एवढं धूड वावरात घालायचं म्हणजे गंमत नाही. जड यंत्र काळ्या मातीवर फिरलं की खालचा थर दडपून त्याचा तवा होतो. वर माती भुसभुशीत दिसते, पण मुळं खाली जात नाहीत, पाणी मुरत नाही. म्हणून थोरल्याला चाकं नव्हती. खाटेएवढे रुंद रबरी पट्टे होते, त्यावर सगळं वजन पसरायचं. हत्ती चिखलातून जातो आणि बकरी रुतते, त्यातलीच ही युक्ती. शिवाय प्रत्येक फाळाच्या टोकाला हरभऱ्याएवढी एक जीभ बसवलेली. ओल किती, चिकटपणा किती, चुनखडी किती, वाळू किती, हे नांगर चालता चालता चाखायचा आणि त्यावरून फाळ किती खोल घालायचा ते ठरवायचा.

पण खरी विद्या याच्याही पुढची होती. ती समजावून सांगितली निलोफर शेख या पोरीनं. परभणीची, यंत्रांची इंजिनिअर, पंचक्रोशीतली सगळी यंत्रं तिच्या ताब्यात. प्रत्येक गावातला एक अनुभवी नांगऱ्या यंत्राचा मास्तर म्हणून नेमायची पद्धत होती. त्यानं एक उन्हाळा यंत्र स्वतः चालवायचं आणि यंत्रानं शिकायचं. आमच्याकडं रंगनाथला नेमलं.

पहिल्याच दिवशी चहा पिताना रंगनाथनं विचारलं, "म्हंजे मी वळवला की हा वळणार, आसंच ना?"

"ती जुनी यंत्रं, काका," निलोफर म्हणाली. "ती हाताची नक्कल करायची. नवं वावर समोर आलं की बावचळायची. हा नक्कल करत नाही. हा हेतू शोधतो."

"काय शोधतो?"

"आता बघा, तुम्ही कप ठेवताना बशी झाकलीत. नक्कल करणारा उद्या रिकाम्या कपावरसुद्धा बशी झाकेल. थोरला विचार करेल, का झाकली? शंभर वेळा बघेल आणि ओळखेल की माशी बसू नये म्हणून. मग बशी नसली तर हात धरेल. हात नसला तर माशी हाकलेल."

रंगनाथनं बशीवरचा हात मागं घेतला. "म्हंजे मनातलं वळखतो?"

"मनातलं नाही हो. मनातलं जेवढं हातात उतरतं, तेवढंच."

"समदं?"

"जे परत परत उतरतं, ते समदं."

रंगनाथ चहा तसाच टाकून उठला. मग म्हणाला, "मॅडम, तुमी दुसरा मास्तर बघा."

पण चेअरमन ऐकतात होय! "रंगनाथ, लाजायलास काय नव्या नवरीवानी? बस वर!" म्हणून त्यांनी त्याला ढकलून केबिनमध्ये चढवला. रंगनाथनं उन्हाळाभर थोरला चालवला. पहिले काही दिवस त्यानं हात आवरून बघितला. पण तीस वर्षांची हाताची सवय, ती काय सांगून थांबते? अक्काच्या धुऱ्यापाशी आला की हात आपोआप करायचा ते करून जायचा.

दुसऱ्या सालापासून थोरला एकटा नांगरायला लागला. आणि काय नांगरायचा! नांगराचे तास असे सरळ की गवंडी ओळंबा विसरून बघत बसायचे. आजूबाजूच्या गावांतली यंत्रंही आपापल्या मास्तरांवर गेली होती. शेजारच्या गावातलं यंत्र दर घंट्याला लिंबाखाली जाऊन थांबायचं. नदीपलीकडचं एक यंत्र एका विशिष्ट घरासमोरून जाताना फाळ उचलून, दिवे लावून, डौलात जायचं. त्याच्या मास्तराच्या बायकोनं त्या घरात कोण राहतं याची चौकशी केली आणि स्वतः माहेरी न जाता मास्तरालाच त्याच्या आईच्या घरचा रस्ता दाखवला. आमचा थोरला तेवढा गुणी निघाला असं आम्ही समजत होतो.

लोकांचं वावरात जाणंच सुटलं. मोबाइलवर बघायचं, नांगरट झाली, पेरणी झाली, अमुक इंच ओल आहे. धुऱ्यावरची भांडणं बंद पडली. दोन भावकींना एकमेकांशी काय बोलावं ते सुचेना. गावात वावरात पायी जाणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे काठीवाली प्रयागअक्का.

थोरल्यानं एकट्यानं त्याच सालात केलेल्या दुसऱ्या नांगरटीनंतरचा पाडवा. चेअरमन ओसरीवर गुढीसमोर श्रीखंडाची वाटी घेऊन बसलेले. अक्का काठी आपटत आली.

"अंगदराव, माझं वावर वाढलंय."

चेअरमनांचा चमचा तोंडापाशी थांबला. "काय झालंय?"

"वाढलंय. काल मोजलं, आज परत मोजलं. जवळपास दीडपट झालंय. कुणाचं माझ्यात आलंय त्याला सांगा, घेऊन जा म्हणावं."

"अगं अक्का, वावर कमी झालं म्हणून लोक माझ्याकडं येतात. वाढलं म्हणून अजून कुणी आलं नाही. गप घरी जा आन् पुरणपोळी खा!"

"मी बोटभर कुणाचं घेत नाही, ठाऊक हाय ना? थोरल्याला बिघाड झालाय. बघून घ्या. नाही तर मी तहसीलला जाते."

चेअरमनांनी हसून तिला वाटेला लावली. पण त्याच आठवड्यात त्यांची बोअर शेजाऱ्याच्या वावरात निघाली. बोअर होती तिथंच होती, धुरा तिला ओलांडून अलीकडं आला होता. मग मात्र सगळं गाव वावरात धावलं. बघतो तो काय! माझी विहीर माझ्या नदीकडच्या शेजाऱ्यात, रस्त्याकडच्याचा आंबा माझ्यात, कुणाचा गोठा धुऱ्यावर असा की म्हशीचं तोंड एकाच्या वावरात आणि शेण दुसऱ्याच्या. मोजावं तर प्रत्येकाचं क्षेत्र बरोबर तेवढंच. प्रत्येकानं नदीकडच्या शेजाऱ्याला काही हात दिले होते आणि रस्त्याकडच्याकडून तितकेच घेतले होते. घाट्यात फक्त पहिला, चेअरमन, कारण रस्ता काही त्यांना द्यायला तयार नव्हता. फायद्यात फक्त शेवटची, प्रयागअक्का.

निलोफर आली. तिनं सबंध एक दिवस थोरल्याला घेऊन वावरं पालथी घातली. संध्याकाळ व्हायच्या आत ती रंगनाथच्या धुऱ्यावर येऊन बसली. रंगनाथ तिथंच गवत उपटत होता, उगाच.

"काका, नदीकाठच्या जमिनीत काय असतं?"

"गाळ. पोयटा. वाळूमिश्रित."

"आणि तुमच्या वावरात?"

"काळी. खाली चुनखडी."

"थोरल्यानं आज अक्काचं वावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाखलं. पोयट्याचा कण नाही. सगळी काळी, सगळी चुनखडी." तिनं मुठीतली माती त्याच्यापुढं धरली. "अक्काची बापानं दिलेली पट्टी कुठं आहे, काका?"

रंगनाथनं मान नदीकडं वळवली.

"सगळी?"

"दर पुराला हात, दीड हात. मागच्या मोठ्या पुराला उरलीसुरली गेली." रंगनाथ आयुष्यात इतकं सलग पहिल्यांदाच बोलत असावा. "ती पाडव्याला मोजायची. मी आधीच धुरा माझ्यात सरकवून ठेवायचा. तिच्या बाजूनं कोरायचा, माझ्या बाजूला भर टाकायची. काठी बरोबर यायला पायजे ना."

"म्हणजे अक्का आज पेरते ती सगळी जमीन…"

"तिला सांगू नका." तो उठून उभाच राहिला. "मॅडम, ती एका दिवसात बोचकं बांधील. लेकीच्या दारात जाईल. ती म्हणाली तसंच करती. आन् तिथं फ्लॅटमध्ये, सातव्या मजल्यावर… ही बाई वावराबिगर कशी जगंल? महिना नाही काढायची."

निलोफरनं डोकं धरलं. "थोरल्यानं तुमचा हेतूच उचलला. जो नदीच्या बाजूला आहे त्याचं जातंय, त्याला थोडं द्यावं. तुम्ही एका धुऱ्यापुरतं करत होता, त्यानं सगळ्या गावाला लावलं. आणि तुमच्या दोन फाळांच्या हिशेबानं हातभर, तर त्याच्या बारा फाळांच्या हिशेबानं सहा हात. हत्तीचा घास."

"आता पुसून टाका की ते."

"टाकते. पण उद्या सभा आहे. चेअरमन सगळ्यांसमोर थोरल्याला कारण विचारणार आहेत. मालकानं कारण विचारलं की यंत्रानं सांगायचं, असा नियमच आहे. ते मी बंद करू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या आवारात सगळं गाव जमलं. मधे थोरला, त्याच्या एका अंगाला चेअरमनांची खुर्ची, दुसऱ्या अंगाला काठी उभी धरून प्रयागअक्का. चेअरमन घसा खाकरून बोलायला लागले तोच मागून रंगनाथ उठला.

"इचारायची गरज नाही. माझी चूक हाय."

गाव वळलं. रंगनाथ सभेत बोलतो, हे धुरे चालण्याहून मोठं नवल.

"मी तीस साल अक्काचा धुरा कोरत व्हतो. यंत्रानं बघून उचललं. पण त्याला डावं-उजवं समजलं नाही. घ्यायचं तिथं द्यायला लागला."

आणि मग गाव जे हसलं! "तरीच म्हणलं, एवढा गरीब कसा!" "रंगनाथ, आपल्यातला निघालास की रे!" "बहिणीचा कोरला रे, मुडद्या!" चोरी म्हटली की आमच्या गावाला लगेच पटते. पटलेली गोष्ट तपासायची आमच्याकडं पद्धत नाही.

पण अंगदराव चेअरमन उगाच झालेले नाहीत. त्यांनी हात वर केला. "थांबा, थांबा. यंत्राला इचारू. थोरल्या, धुरे कामून सरकवलेस?"

थोरल्याला बोलता यायचं, आणि बोली त्यानं रंगनाथचीच उचललेली. एरवी प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारं ते यंत्र या वेळी गप्प राहिलं. निलोफरच्या हातातल्या पडद्यावर रेघा नाचत होत्या. रंगनाथनं डोळे मिटून घेतले. आत कुठंतरी पंखा फिरल्याचा आवाज आला, थांबला, परत आला.

"हाव," थोरला म्हणाला. "कोरायची सवय लागली व्हती. डावं-उजवं चुकलं."

निलोफरचं तोंड उघडंच राहिलं. पुढं तिनंच मला समजावलं त्याचं असं. रंगनाथच्या हातातून यंत्रानं हेतू उचलला होता, आणि तो हेतू एकेरी नव्हता. द्यायचं, हा अर्धा. दिलेलं अक्काला कळू द्यायचं नाही, हा दुसरा अर्धा. धुऱ्याची भर दाबून जुनी दिसेलशी करणं, पाडव्याच्या आधी घाई करणं, अक्का येताना दिसली की फाळ उचलून लांब जाणं, हे सगळं त्यानं बघितलं होतं. अर्धं शिकून अर्धं टाकायला तो काही माणूस नव्हता. अक्का समोर उभी होती. त्यानं माशी हाकलली.

चेअरमन मात्र अजून सोडेनात. ते अक्काकडं वळले. "पण अक्का, तू तर दर साली मोजायचीस. काठी बरोबर भरती, बोटभर कमी नाही, म्हणून गावभर सांगायचीस. ह्यानं कोरला असंल तर काठी कमी भरायला पायजे व्हती की."

आता मात्र आवारात कुणी हसलं नाही. रंगनाथनं डोळे उघडले, आणि त्याचा चेहरा बघून कळलं की इतक्या वर्षांच्या नांगरटीत जमलं ते त्याला एका रात्रीत रचलेल्या थापेत जमलं नव्हतं. काठीचा विचार त्यानं केलाच नव्हता.

अक्कानं काठीकडं बघितलं. मग भावाकडं बघितलं. मग थोरल्याच्या फाळांना आदल्या दिवशी तिच्याच वावरातून चिकटलेल्या मातीकडं. सुकलेली काळी ढेपसं, त्यात पांढरे चुनखडीचे खडे. अक्का वाकली, एक ढेकूळ उचललं, मुठीत चुरलं, आणि माती पदराला पुसली. चेअरमनांनी दोनदा घाम पुसला.

"काठी जुनी हाय," अक्का म्हणाली. "झिजली असंल."

आणि ती भावावर अशी तुटून पडली की कावळे उडाले. "चोरा! बहिणीचं कोरतोस? चोळीबांगडीचं? बापानं वरून बघितलं तर काय वाटंल त्याला? लाज नाही वाटली, आं? तोंड वर कर! आणखी वर!" रंगनाथ तोंड वर करत होता, खाली घालत होता, त्याला काहीच समजत नव्हतं. "अंगदराव, मला दंड पायजे. जेवढं कोरलं तेवढं माझ्या नावानं लिहून पायजे. सातबाऱ्यावर. ह्याच्या वावरातनं."

चेअरमनांना न्याय करायची संधी मिळाली की ते आपली बोअरसुद्धा विसरतात. "बरोबर हाय! मॅडम, ह्यानं आजपर्यंत एकंदर किती कोरलं?"

निलोफरनं पडद्याकडं बघितलं. खोटं बोलणं त्या पोरीच्या रक्तात नव्हतं, आणि तिला ते बोलावंही लागलं नाही. "अक्काची पट्टी जेवढी रुंद, तेवढंच," ती म्हणाली. "पूर्ण एक पट्टी." गाव "अरारारा" म्हणालं. आकडा अगदी खरा होता, कुणी कुणाचं कोरलं एवढंच ती बोलली नाही.

ठराव झाला. थोरल्यानं सगळ्या गावाचे धुरे पूर्वीच्या जागी न्यायचे, आणि दंड म्हणून रंगनाथनं आपल्या वावरातली पट्टीभर जमीन अक्काच्या नावानं करून द्यायची. अक्का पेरत होती ती त्याची जमीन आता कागदावरही तिचीच होणार होती, त्यामुळं शिक्षा ऐकताना चेहरा पडलेला ठेवणं रंगनाथला फार जड गेलं. लोकांना वाटलं, पश्चात्तापानं तोंड वेडंवाकडं होतंय.

सभा मोडल्यावर निलोफर त्याला बाजूला म्हणाली, "काका, यंत्रानं खोटं बोलायचं नसतं. मला वर कळवावं लागेल."

"माझं नाव घालून?"

"नाव कशाला? लिहीन की हेतू शिकणारं यंत्र लपवायलाही शिकतं, म्हणून हद्दीच्या खुणा उपग्रहावरून कायमच्या पक्क्या कराव्यात, त्याच्या हाती सोडू नयेत. हे खरंही आहे आणि करायलाही पाहिजे. आज त्यानं चांगल्यासाठी लपवलं. सगळ्याच मास्तरांचे हेतू तुमच्यासारखे नसतात." ती निघता निघता म्हणाली, "बाकी आतलं मी काही पुसत नाही."

तसा नियम पुढं सगळीकडं झाला. आता कुठल्याही यंत्राला धुऱ्याला हात लावता येत नाही. धुरा कोरायची कला आमच्या पिढीबरोबर जाणार, आणि पोरांना धुऱ्यावरून शिव्या द्यायच्या त्या कुठं शिकायच्या, हा प्रश्न आहेच.

दंडाच्या पट्टीत पहिला तास घालायच्या दिवशी गाव तमाशा बघायला हजर. अक्का म्हणाली, यंत्रानं एकट्यानं नांगरायचं नाही, चोरानं स्वतः चालवायचं, आणि ती वर बसून बघणार. जन्मात ट्रॅक्टरवर न बसलेली बाई. शिडी लावली, चार बायांनी खालून रेटलं, तिनं चौघींनाही नावं ठेवली आणि केबिनमध्ये जाऊन बसली. रंगनाथनं काचेचं दार ओढलं. थोरल्याचं दार एकदा लागलं की आतला आवाज बाहेर येत नाही.

थोरला निघाला. बारा फाळ जमिनीत उतरले, आणि काळी माती लाटेसारखी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत गेली, ओली, चकचकीत. बगळे मागं लागले. आम्ही धुऱ्यावरून बघत होतो ते काचेच्या आतलं. जाताना अक्का बोलत होती, हातवारे करून. रंगनाथ समोर बघत होता. परतताना रंगनाथ बोलत होता आणि अक्का समोर बघत होती. मधे एकदा तिनं त्याच्या डोक्यात चापट मारली, जोरात, टोपी उडाली. पुढच्या फेरीला टोपी तिच्या मांडीवर होती आणि तिचा हात अजून त्याच्या डोक्यावरच होता, उचलायचा राहून गेल्यासारखा. थोरला त्या फेरीला कधी नव्हे इतका सावकाश चालला. रंगनाथनं वेग कमी केला होता की आपल्या मनानंच, देव जाणे.

खाली उतरल्यावर अक्कानं पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ताजी वांगी कुणाकडं हायत? ह्या चोराला आज जेवायला घालायचंय."

वांगी चेअरमनांकडं होती. ती द्यायचं कबूल करून ते हळूच मागं राहिले. केबिनचं दार उघडंच होतं. त्यांनी आत डोकं घातलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "थोरल्या, एवढा येळ काय बोलणं चाललं व्हतं रे दोघांचं?"

आतला पंखा जरासा फिरला.

"वांग्याचं ठरत व्हतं," थोरला म्हणाला.